घाटातल्या धुक्यासाठी कंपनीच्या फॉग लाइटमध्ये काय बदलावं, काय बदलू नये

जून ते सप्टेंबर आंबोली, आंबेनळी, ताम्हिणी, माळशेज या घाटांत ढग थेट रस्त्यावर उतरतात. थार, गुरखा, जिम्नी, स्कॉर्पिओ अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलला बंपरमध्ये फॉग लाइट कंपनीकडूनच बसवून येतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते मिणमिणते वाटू लागतात. मग ॲक्सेसरीच्या दुकानातून मिळेल तो सगळ्यात प्रखर पांढरा एलईडी बल्ब आणून त्यात घातला जातो. कोरड्या रात्री पार्किंगमध्ये तो झकास दिसतो. धुक्यात शिरलं की गाडीपुढे पांढरी भिंत उभी राहते.

असं का होतं, ते आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच घ्यायचा आहे. चांगल्या फॉग लाइटच्या झोताला वरच्या बाजूने एक आडवी, धारदार कड असते. कडेखाली रुंद, पसरट उजेड आणि कडेच्या वर अंधार. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. आपल्या नजरेच्या रेषेतल्या थेंबांवर उजेड पडला की ते तो परत डोळ्यांत फेकतात आणि त्यामागचा रस्ता झाकला जातो. म्हणून दिवा नजरेपासून जितका खाली आणि कडेच्या वर सांडणारा उजेड जितका कमी, तितकं धुक्यात जास्त दिसतं. बल्बच्या खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, आकडा याबद्दल काहीच सांगत नाही. वरचा अंधार राखणारा ३५ वॉटचा दिवा, वर उजेड उधळणाऱ्या दुप्पट प्रखर दिव्यापेक्षा घाटात जास्त उपयोगी पडतो.

आधी आहे तो दिवा तपासा

एकही पैसा खर्च करण्याआधी एक संध्याकाळ भिंतीसमोर घालवा. सपाट जागा आणि साधी, फिकट रंगाची भिंत हवी. टायरमध्ये नेहमीची हवा, टाकी किमान अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला. गाडी आधी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही फॉग लाइटच्या मध्यबिंदूंच्या खुणा मास्किंग टेपने भिंतीवर करा. मग गाडी सरळ मागे घ्या, फॉग लाइटची काच आणि भिंत यांत बरोबर ५ मीटर अंतर येईपर्यंत. आता हेडलाइट बंद, फक्त फॉग लाइट चालू. तुमच्या गाडीत फॉग लाइट हेडलाइटशिवाय लागतच नसतील, तर हेडलाइटवर जाड कापड टाका. हॅलोजन हेडलाइट असेल तर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ ठेवू नका.

मध्यबिंदूच्या खुणेपासून १० सेंटिमीटर खाली आडवी टेप लावा. ५ मीटरवर १० सेंटिमीटर म्हणजे २ टक्के उतार. झोताची वरची कड या टेपवर यायला हवी. बऱ्याच गाड्यांमध्ये ती येत नाही: कधी एक दिवा वर तर दुसरा खाली, कधी दोन्ही इतके खाली की उजेड बंपरपुढच्या दहा-बारा मीटरांतच संपतो. लिफ्ट किट बसवलं, टायर मोठे केले, पुढचा बंपर बदलला किंवा साध्या धक्क्याने हाउसिंगचा (दिव्याच्या डबीचा) कान, म्हणजे बोल्ट बसतो तो पुढे आलेला भाग, तुटला, तर हे नक्कीच बिघडतं. «दिवे कमजोर आहेत» या तक्रारीतल्या कितीतरी इथेच मिटतात.

ॲडजस्टिंग स्क्रू बहुधा हाउसिंगच्या मागे किंवा काचेच्या शेजारच्या छोट्या भोकात असतो. तो फक्त वर-खाली फिरवतो. डावी-उजवीकडे वळवण्याची सोय बहुतेक फॉग लाइटना नसते. स्क्रू प्लास्टिकच्या दात्यांवर चालतो, म्हणून एका वेळी अर्धा फेराच द्या. अडकला तर जोर लावू नका, सिलिकॉन स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा. दाते घासले की पूर्ण हाउसिंग बदलावं लागतं. स्क्रूच नसेल तर बसवणीच्या वरच्या किंवा खालच्या बोल्टमागे १ मिमीचा वॉशर घालून कोन साधता येतो.

२ टक्के उतार का, याचं गणित सोपं आहे. दिव्याचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर २ टक्क्यांनी कड ३५ मीटरवर जमिनीला लागते. ओल्या रस्त्यावर ताशी ४० किमी वेगाने, दीड सेकंदाचा प्रतिक्रियेचा वेळ धरून, गाडी थांबायला साधारण ३२ मीटर लागतात. म्हणजे दिसतंय तेवढ्यात गाडी थांबते. ३ टक्के उतार ठेवला तर पल्ला २३ मीटरवर येतो आणि वेग ३० च्या वर नेण्यात अर्थ उरत नाही. मागे चार माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं आणि कडही वर जाते. भरलेल्या गाडीनेच घाट चढणार असाल तर तपासणी त्या वजनासह करा.

काचही बघा. खड्यांनी टोचलेली काच झोताची कड विस्कटून टाकते, कारण प्रत्येक खड्डा उजेड सगळीकडे उडवतो. खाचखळग्यांतून फिरणाऱ्या गाडीत हे दोन-तीन वर्षांतच होतं. पॉलिकार्बोनेटची काच असेल तर १०००, २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी मारत घासून, कंपाउंड लावून आणि वर यूव्ही कोटिंग देऊन ती पुन्हा नितळ होते. खरी काच टोचली असेल तर ती घासून सुधारत नाही, युनिटच बदला.

दिव्यापर्यंत वीज पोचते का

हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टेजला फार संवेदनशील असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आता फॉग लाइट लावून, बल्ब जोडलेला असतानाच कनेक्टरच्या मागून बारीक पिन सरकवून दिव्याजवळचं व्होल्टेज मोजा. बल्ब काढून मोजलेला आकडा नेहमी चांगलाच दिसतो आणि त्याचा काही उपयोग नसतो. बॅटरी आणि दिवा यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक असेल तर वायरिंगला हात लावू नका. एक व्होल्ट किंवा जास्त असेल तर आधी अर्थ, म्हणजे दिव्याची गाडीच्या पत्र्याशी असलेली निगेटिव्ह जोडणी, तपासा: मल्टिमीटरची एक पिन दिव्याच्या काळ्या तारेवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट गंजला आहे. तो काढून पत्रा चकचकीत घासा, परत आवळा, वर ग्रीस लावा. जुन्या गाडीत एवढ्यानेच दिवा उजळतो.

अर्थ ठीक आहे आणि तरी व्होल्टेज पडतंय, किंवा तुम्हाला ५५ वॉटचं वेगळं युनिट बसवायचं आहे, तर रिलेची (स्विचच्या थोड्या विजेवर दिव्याची मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या डबीची) स्वतंत्र लाइन टाका. ५५ वॉटचे दोन दिवे मिळून साधारण ९ ते १० अँपिअर घेतात. लागणारं सामान: ४० अँपिअरचा चार पायांचा रिले बेससकट, वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर आणि १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिमी लाल तार २ मीटर, १.५ चौरस मिमी लाल ३ मीटर आणि काळी १ मीटर, ०.७५ चौरस मिमी तार ४ मीटर, ६ मिमीच्या गोल थिंबल (तारेच्या टोकाला लावायच्या कड्या) चार, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आणि तारा झाकायची कंड्युट नळी. तारेच्या जाडीत कंजुषी करू नका. ३ मीटर लांबीत ०.७५ ची तार १० अँपिअरला ०.७ व्होल्ट खाते, २.५ ची तार ०.२ च्या आसपास. स्वस्त तयार किटमध्ये बाहेरून जाड दिसणारी तार आत तीन-चार केसांएवढ्या तारांची निघते. विकत घेण्याआधी टोक सोलून बघा.

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. रिलेचा ३० नंबरचा पाय बॅटरीच्या पॉझिटिव्हला जातो, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असायला हवा. फ्यूज रिलेजवळ लावला तर बॅटरी ते फ्यूज एवढी तार उघडी पडते, आणि ती बॉडीला घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काही नसतं. ८७ नंबरवरून २.५ ची तार पुढच्या क्रॉसमेंबरपर्यंत न्या, तिथे दोन फाटे करून १.५ च्या तारा दोन्ही दिव्यांना द्या. ८५ अर्थला, ८६ स्विचकडून येणाऱ्या तारेला. आत डायोड असलेला रिले असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही, डायोड जळतो. रिले पाय खाली करून बसवा. पाय वर असले की बेसमध्ये पाणी साठतं आणि हिरवा गंज धरतो. तारांचे जोड क्रिम्प करून वर चिकट आतल्या थराची हीट श्रिंक घाला. नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेली तार कोकणातल्या एका पावसाळ्यात काळी पडते आणि रोध वाढतो.

कंपनीची तार कापू नका. दिव्याच्या मूळ कनेक्टरमध्ये बसणारा जोडीचा कनेक्टर मिळतो. त्यातूनच ८६ चा सिग्नल घेतला की मूळ स्विचनेच रिले चालतो आणि उद्या सगळं काढून टाकलं तरी गाडी जशीच्या तशी राहते. वॉरंटीत वायरिंगचा वाद झालाच तर कापलेली तार हा पहिला पुरावा असतो.

एक अडचण नव्या गाड्यांत येते. त्यांत दिव्यांना वीज बॉडी कंट्रोल मॉड्युल, म्हणजे गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा, देतं, आणि ते अनेकदा सलग वीज न देता सेकंदाला शंभरच्या वर वेळा चालू-बंद करत देतं. हॅलोजनच्या तापलेल्या तारेला ते कळत नाही. रिले मात्र टरटर वाजतो आणि काही आठवड्यांत त्याचे पॉइंट जळतात. रिले बसवल्यावर कान लावून ऐका. टक् असा एकच आवाज आला तर ठीक; मधमाशीसारखी गुणगुण असेल तर सिग्नलच्या तारेवर कॅपॅसिटर आणि डायोड असलेलं तयार हार्नेस लावावं लागेल.

रंग

पिवळा उजेड धुकं भेदून पार जातो, असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे ते निळा, पिवळा, तांबडा असा भेद न करता सगळेच रंग सारखे परतवतात. पिवळ्याचा फायदा डोळ्यांच्या बाजूने आहे. निळा भाग काढून टाकला की परत येणारी चकाकी कमी टोचते आणि तास-दोन तास घाट चढताना डोळे कमी थकतात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत नव्या गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, ते याच कमी चकाकीच्या समजुतीतून. म्हणून पिवळा करा, पण झोताचा आकार बिघडवून नको. ६००० के (केल्विन, उजेडाच्या रंगछटेचं माप) किंवा त्यावरचा निळसर पांढरा मात्र धुक्यासाठी सगळ्यात वाईट.

सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे मूळ हॅलोजन बल्ब ठेवून काचेवर चांगल्या प्रतीची पिवळी फिल्म लावणं. उजेड साधारण १५ टक्क्यांनी घटतो, कड तशीच राहते, आणि फिल्म खडेही अंगावर घेते. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्प्रे बाटलीत पाणी आणि बेबी शाम्पूचे दोन थेंब. काच आणि फिल्मचा चिकट भाग दोन्ही भिजवा. फिल्म मध्यावर टेकवून रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत जा. बाहेरगोल काचेवर कडांना सुरकुत्या पडतात, तिथे हेअर ड्रायरने ऊब देऊन फिल्म ओढा. कडेला २ मिमी जागा सोडून कापा. अगदी कडेपर्यंत चिकटवलेली फिल्म प्रेशर वॉशरने पहिल्याच धुण्यात उचलली जाते. २४ तास गाडी धुऊ नका. नेलपॉलिश, काचेचा रंग, जिलेटिन कागद यांतलं काहीही लावू नका: थर कमी-जास्त जाड बसतो आणि झोत फुटतो.

बल्ब बदलताना

मूळ बल्ब कोणता, हे कॅटलॉगवरून ठरवू नका, बल्ब काढून त्याच्या बुडावर छापलेलं वाचा. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलांत वेगळे बल्ब असू शकतात. बल्ब काढायला बहुधा चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरच्या तीन-चार क्लिपा पुरतात. चाक त्या बाजूला पूर्ण वळवून घ्या म्हणजे हात आत जातो. कनेक्टरचा खटका दाबून तो ओढा, बल्ब घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. नव्या हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तिथे काच ठिसूळ होते आणि बल्ब काही दिवसांत फुटतो. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसून मगच लावा.

इथे होणारी सगळ्यात महागडी चूक पाहा. एच८, एच११ आणि एच१६ हे तिन्ही बल्ब एकसारखेच दिसतात. त्यांचं बूड एकाच घराण्यातलं आहे, फक्त कडेच्या दात्यांची जागा वेगळी ठेवलेली आहे. एच१६ हा १९ वॉटचा, एच८ ३५ वॉटचा, एच११ ५५ वॉटचा. दाते मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, म्हणजे जास्त वॉटचा बल्ब चुकून कमी ताकदीच्या हाउसिंगमध्ये बसू नये. बाजारात कानशीने दाता घासून एच१६ च्या जागी एच११ बसवून दिला जातो. दोन दिवस दिवा भरपूर उजळ दिसतो. मग रिफ्लेक्टरच्या चकाकत्या थराला फोड येतात, काचेच्या आत धुरकट पांढरा पडदा धरतो, आणि शेवटी होल्डरचं प्लास्टिक वाकतं. १९ वॉटसाठी बनवलेल्या बंद डबीत तिप्पट उष्णता कोंडली की दुसरं काही होऊ शकत नाही. दाता घासावा लागतोय याचाच अर्थ तो बल्ब त्या दिव्याचा नाही.

हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब घालायचा मोह मोठा असतो. रिफ्लेक्टरची गोलाई हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी आणि आकारासाठी कोरलेली असते. एलईडीच्या दोन चिप त्या जागेपासून एखादा मिलिमीटर जरी सरकल्या तरी कड पुसट होते आणि उजेड वर सांडतो. तरीही घालायचाच असेल तर चिप डाव्या आणि उजव्या बाजूला, म्हणजे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असा फिरवून बसवा. १२ आणि ६ च्या जागी आल्या तर झोताच्या मध्ये काळा पट्टा आणि वर चकाकी मिळते. मग त्याच भिंतीसमोर, त्याच टेपवर तपासा. फोनच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर लॉक करून आधीचा आणि नंतरचा फोटो काढला की तुलना प्रामाणिक होते. टेपच्या वर भिंत आधीपेक्षा उजळ दिसत असेल तर तो बल्ब दुकानात परत करा, कितीही महाग असला तरी. शिवाय मागचा पंखा मावावा म्हणून रबरी टोपी काढून टाकावी लागत असेल, तर पाण्याला सरळ वाट मिळाली असं समजा.

एलईडी कमी वीज घेतो, त्यामुळे कंट्रोल मॉड्युलला बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि दिवा लुकलुकतो किंवा डॅशबोर्डवर खूण येते. त्यावर ५० वॉटचा, ६ ओहमचा रेझिस्टर लावून देतात. १४ व्होल्टवर तो ३२ वॉट उष्णता टाकतो, हात पोळेल इतका तापतो. लावावाच लागला तर उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळा. बंपरच्या प्लास्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला झिप टायने बांधला तर ते वितळतं.

पूर्ण युनिट बदलणं

खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. मुळातच एलईडीसाठी बनवलेलं पूर्ण फॉग युनिट, पिवळं किंवा ३००० के च्या आसपासचं, हा कंपनीच्या दिव्यावरचा खरा वरचा टप्पा आहे. काचेवर गोलातला इंग्रजी ई, म्हणजे मंजुरीची खूण, आणि त्याच्या शेजारचा, मंजुरी देणाऱ्या देशाचा आकडा शोधा. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स. त्याच्याजवळ इंग्रजी बी किंवा एफ३ असं अक्षर हवं. हे अक्षर सांगतं की दिवा पुढचा फॉग लाइट म्हणून यूएनच्या १९ नंबरच्या नियमाखाली तपासलेला आहे. नुसता ई असून पुढे दुसरंच अक्षर असेल तर तो ड्रायव्हिंग लाइट किंवा दिवसा लावायचा दिवा असू शकतो. दुकानदार त्यालाही फॉगच म्हणतो.

मापं घेताना काचेचा व्यास, कानांमधलं अंतर आणि मागची खोली ही तिन्ही घ्या. व्यास जुळून खोली न जुळणं हा नेहमीचा घोळ आहे, कारण एलईडीच्या मागे ॲल्युमिनियमचा हीट सिंक असतो आणि तो बंपरच्या बीमला अडतो. हीट सिंकमागे किमान २ सेंटिमीटर मोकळी हवा ठेवा. प्लास्टिकच्या कानांत बोल्ट आवळताना नायलॉक नट वापरा, पण पाना हाताच्या जोरानेच फिरवा. खडकाळ वाटेवर जास्त ताणलेला कान आधी तडकतो.

स्टीलचा ऑफ-रोड बंपर बसवला की दिव्याची जागाही बदलते. यूएनच्या ४८ नंबरच्या नियमात प्रवासी गाडीचा पुढचा फॉग लाइट जमिनीपासून २५० ते ८०० मिमी उंचीत, हेडलाइटच्या लो बीमपेक्षा खाली, आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिमीच्या आत असावा असं आहे. ही मापं नुसती कागदी नाहीत; दिवा खाली आणि रुंद असला की नजरेच्या रेषेपासून दूर राहतो. छतावरचा लाइट बार धुक्यात का निरुपयोगी ठरतो, तेही यातच आलं.

स्विच

बऱ्याच गाड्यांत फॉग लाइट लो बीमसोबतच लागतात. अगदी दाट धुक्यात लो बीमचाही त्रास होतो, आणि फक्त पार्किंग व फॉग लाइट लावून जाणं सोयीचं पडतं. त्यासाठी रिलेचा ८६ नंबर वेगळ्या स्विचवर घ्या, पण त्या स्विचला वीज पार्किंग लाइटच्या सर्किटमधूनच द्या. थेट बॅटरीवरून घेतली तर पुढे झगझगीत दिवे आणि मागे टेल लाइट बंद, अशी गाडी घाटात धावू शकते, आणि मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसतच नाही. पार्किंगवरून घेतली की फॉग लागले म्हणजे टेल लाइट लागलेच. रिलेची कॉइल जेमतेम ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे ०.७५ ची तार आणि ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. केबिनमधून तार बाहेर काढताना फायरवॉलच्या जुन्या रबरी ग्रोमेटमधूनच काढा, आणि बाहेरच्या बाजूला तिला खाली झोल द्या म्हणजे पाणी तारेवरून आत न येता तिथेच टपकेल.

हाय बीमसोबत फॉग चालू राहतील असा बदलही लोक आवडीने करतात. तो करू नये. गाडीपुढचे वीस मीटर लखलखीत झाले की डोळ्याची बाहुली आक्रसते आणि लांबचा वळणावरचा कठडा दिसेनासा होतो. धुकं नसताना फॉग लाइट बंदच ठेवा. ओल्या डांबरावरून त्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर उसळतो.

पाणी

२०२० च्या थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिमी दिली आहे, म्हणजे ओढा ओलांडताना फॉग लाइटपर्यंत पाणी पोचू शकतं. तापलेला दिवा गार पाण्यात गेला की दोन गोष्टी होतात. काच तडकू शकते, आणि आतली हवा आकसून व्हेंटमधून पाणी आत खेचते. म्हणून ओढ्याच्या पाच-दहा मिनिटं आधी फॉग लाइट बंद करा. बाहेर आल्यावर काचेवर आतून बारीक दव दिसलं आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासात गेलं, तर काळजी नाही. तळाशी पाणी हलताना दिसलं तर दिवा काढा, बल्ब काढून सावलीत वाळवा आणि रबरी सील बदला. व्हेंटचं छोटं भोक सिलिकॉनने बुजवू नका. मग आत शिरलेली वाफ बाहेर पडू शकत नाही आणि रिफ्लेक्टर काळा पडतो. चिखलात व्हेंट बुजलं असेल तर जुन्या टूथब्रशने साफ करा. कनेक्टरच्या आत वाटाण्याएवढं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं की पिना गंजत नाहीत.

कायद्याची बाजू

पुढच्या फॉग लाइटचा उजेड पांढरा किंवा पिवळाच हवा. निळा, जांभळा, हिरवा, लाल नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतले फेरफार मर्यादित करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ जागेत, मूळ वॉटचा बल्ब किंवा ई खुणेचं युनिट, आणि खाली रोखलेला झोत, एवढ्यात राहिलं की वादाला जागा कमी उरते. लाइट बार लावलाच असेल तर डांबरी रस्त्यावर त्याला झाकण घालून ठेवा.

काम झाल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा भिंतीसमोर जा. नवे बोल्ट बसतात, कान थोडे सैलावतात, आणि कड दोन-तीन सेंटिमीटर हललेली असते. टेप लावा, स्क्रू पाव फेरा फिरवा, दोन्ही कडा एका रेषेत आणा, आणि बोल्टवर रंगाच्या पेनाने खूण करून ठेवा; पुढच्या वेळी सैल झालेला बोल्ट नुसत्या नजरेने ओळखता येईल.